मण्यांचा दोरा आणि चंद्राची वाट

पृथ्वीला अलीकडे दोनदा 'दुसरा चंद्र' मिळाला. निदान बातम्यांत तरी. २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस '२०२४ पीटी५' नावाचा दहाएक मीटरचा धोंडा आला आणि दोन महिने रेंगाळून निघून गेला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये हवाई बेटांवरच्या दुर्बिणीला '२०२५ पीएन७' दिसला. हा वीसेक मीटरचा, आणि २०८३ च्या आसपासपर्यंत आपली सोबत करणार असा हिशेब आहे. माझ्या मावशीने ती बातमी वाचली आणि फोन केला, "काय रे, आता संकष्टी कुठला बघून सोडायची?"

मी म्हटलं, मावशी, जुनाच. हा नवा नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही, आणि तो काही आपल्याभोवती फिरत नाही. तो फिरतो सूर्याभोवती, आपल्या बरोबरीने. म्हणून आपल्याला घिरट्या घालतोय असं वाटतं.

"आणि आपला चंद्र? तो कुणाभोवती फिरतो?"

प्रश्न बाळबोध वाटतो. पण हातात कागद-पेन्सिल घ्या. मधे सूर्य काढा, भोवती पृथ्वीची वाट काढा, आणि पृथ्वी पुढे पुढे जात असताना चंद्र कसा जात असेल ते काढून बघा. दहातली नऊ माणसं जिलबी काढतात: वेटोळ्यामागून वेटोळं, गोल फिरत सूर्याभोवती. शाळेत असताना मीही तेच काढलं असतं. चंद्राच्या खऱ्या वाटेला मात्र एकही वेटोळं नाही. वेटोळं सोडाच, ती सूर्याच्या उलट बाजूला कुठे जराशी बाकही घेत नाही.

हे लंडनमध्ये जमिनीवर लांबलचक कागद पसरून ज्याने रेखून दाखवलं, तो माणूस उभ्या आयुष्यात तीन महिने शाळेत गेला होता. लहानपणी त्याने मेंढरं राखली होती. नाव जेम्स फर्ग्युसन.

## नाही, तो फर्ग्युसन नव्हे

पुणेकर वाचक इथे थबकणार, म्हणून आधीच सांगतो. फर्ग्युसन कॉलेजला ज्याचं नाव आहे तो सर जेम्स फर्ग्युसन, मुंबईचा गव्हर्नर. तोही स्कॉटिश, पण आपल्या माणसाच्या शंभरहून जास्त वर्षांनंतरचा. आणखी एक जेम्स फर्ग्युसन आहे, तोही स्कॉटिश. वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांवर लिहिणारा. स्कॉटलंडात ही नावं आपल्याकडच्या दत्तात्रय कुलकर्ण्यांइतकी मुबलक असावीत.

आपला जेम्स २५ एप्रिल १७१० रोजी स्कॉटलंडच्या ईशान्येला, बॅन्फशायरमधल्या रॉथीमे गावाजवळ जन्मला. वडील दुसऱ्याची थोडी जमीन कसायचे आणि मजुरी करायचे. मुलांना अक्षरओळख तेच करून द्यायचे, एकेकाला, सवडीने. थोरल्याची शिकवणी चाले तेव्हा जेम्स कान देऊन ऐकायचा. वडील बाहेर गेले की तेच पुस्तक उघडून बसायचा आणि अडलं की शेजारच्या म्हातारीला विचारायचा. वडिलांना विचारायची त्याला लाज वाटे. एक दिवस वडिलांनी बघितलं, तर न शिकवलेला मुलगा घडाघडा वाचतोय. पुढे त्याला कीथच्या शाळेत तीन महिने धाडलं. औपचारिक शिक्षण म्हणायचं ते एवढंच.

## छप्पर खचलं आणि तरफ सापडली

सात-आठ वर्षांचा असताना घराच्या छपराचा एक भाग खचला. वडिलांनी एक लांब वासा घेतला, मधे टेकण दिलं आणि एका टोकावर जोर देऊन ते अवजड छप्पर जागच्या जागी उचललं. पोराला आधी भीतीच वाटली, की बापात एवढी ताकद आली कुठून! मग तो विचार करू लागला.

वासा टेकणावर ठेवून ओझं उचलण्याच्या या युक्तीला तरफ म्हणतात. टेकणापासून तुमचा हात जितका लांब, तितका जोर कमी लागतो. पहारीने दगड उलथणाऱ्या प्रत्येकाला हे हातानेच कळलेलं असतं. जेम्सने लाकडाच्या तरफा केल्या, टेकण पुढेमागे सरकवून वजनं टांगली, किती लांबीला किती वजन उचलतं ते मोजलं. मग विहिरीच्या रहाटासारखं, आसावर बसवलेलं चाक केलं आणि तिथेही तोच हिशेब लागू पडतो हे पाहिलं. आपण जगात पहिल्यांदाच काहीतरी शोधलंय अशी त्याची खात्री झाली आणि त्याने ते सगळं आकृत्यांसकट लिहून काढलं.

एका सद्गृहस्थाने ते वाचलं आणि त्याला एक छापील पुस्तक दाखवलं. हे सगळं आधीच माहीत होतं, केव्हाचंच. दुसरं पोर हिरमुसलं असतं. फर्ग्युसनने म्हातारपणी आत्मवृत्तात लिहिलंय की त्याला आनंद झाला, कारण त्याने केलेलं पुस्तकाशी जुळत होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

## कांबळं, मणी आणि आकाश

मग तो मेंढरं राखायला लागला. दिवसा कळपाबरोबर फिरताना सूतकताईचे चरखे आणि गिरण्यांच्या प्रतिकृती करायच्या, आणि रात्री आकाश बघायचं. थोडा मोठा झाल्यावर जेम्स ग्लॅशन नावाच्या शेतकऱ्याकडे चाकरीला राहिला. तिथे दिवसभराचं काम उरकलं की कांबळं घेऊन शेतात जायचा आणि उताणा पडायचा. जवळ एक दोरा, त्यात ओवलेले बारीक मणी. हात लांब करून तो दोरा डोळ्यांसमोर ताणून धरायचा आणि एकेक मणी असा सरकवायचा की त्याच्याआड एकेक तारा झाकला जावा. मग तसाच दोरा कागदावर ठेवून, मेणबत्तीच्या उजेडात, मणी असेल तिथे खूण करायची. ताऱ्यांचा नकाशा तयार!

यात मोजलं काय जातं? दोन ताऱ्यांमधलं खरं अंतर नव्हे. एक तारा दुसऱ्यापेक्षा कितीतरी मागे असू शकतो, ते दोऱ्याला कळत नाही. मोजला जातो तो आपल्या डोळ्यापाशी होणारा कोन, म्हणजे एका ताऱ्यावरून दुसऱ्याकडे बघायला नजर किती वळवावी लागते ते. याला कोनीय अंतर म्हणतात. नुसत्या हातानेही ते मापता येतं. हात ताठ केला तर करंगळीची रुंदी साधारण एक अंश भरते आणि मूठ दहा अंश. पूर्ण चंद्र जेमतेम अर्धा अंश, म्हणजे करंगळीआड आरामात मावतो. कोजागिरीला करून बघा, विश्वास बसणार नाही.

मी गच्चीवर दोऱ्याचा प्रयोग केला. पोरीच्या खेळण्यातले मणी, शिवणाचा दोरा आणि समोर मृग नक्षत्र. मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे आहेत ना, त्यांतल्या पहिल्या आणि तिसऱ्याचं अंतर दोऱ्यावर पावणेतीन सेंटिमीटर आलं. दोरा डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर असेल तर हा कोन पावणेतीन अंशाला थोडा कमी होतो, आणि खरा आकडाही तितकाच आहे. पण पहिल्या तीन वेळा माझं माप चुकलं, कारण हात भरून आला की कोपर नकळत वाकतं, दोरा जवळ येतो आणि अंतर कमी भरतं. थंडीत, ओल्या गवतावर पडून, दिवसभर राबलेल्या हातांनी हे रोज करायचं म्हणजे काय, ते पाच मिनिटांत कळलं.

ग्लॅशनला आधी हसू आलं. पोराने समजावून सांगितल्यावर मात्र तो म्हणाला, रात्रीचं काम दिवसा नीट उतरवून काढ. आणि नुसतं म्हणून थांबला नाही. गावच्या पाद्र्याने जेम्सला उतरवायला एक नकाशा दिला होता. तेव्हा धान्य झोडपायचं दांडकं मालकाने स्वतः हातात घेतलं, आणि चाकर शेजारी बसून कंपास-पट्टीने नकाशा काढत राहिला. फर्ग्युसनच्या सगळ्या चरित्रात हे दृश्य मला सर्वांत जास्त आवडतं. ग्लॅशनचं नाव आज फक्त याच कारणासाठी उरलंय.

सगळे मालक असे नव्हते. पुढे एका गिरणीवाल्याकडे वर्षभर काम केलं. अभ्यासाला सवड मिळेल असं वाटलं होतं, पण गिरणीवाला दारूच्या गुत्त्यात आणि गिरणी सगळी याच्या गळ्यात. खायला थंड पाण्यात कालवलेलं ओटचं पीठ मिळालं तरी नशीब. वर्ष संपलं तेव्हा अंगात त्राण राहिलं नव्हतं.

## बाटलीची मान आणि देवमाशाचं हाड

आजारपणात घरी पडल्या पडल्या त्याने लाकडाचं घड्याळ केलं. सांगाडाही लाकडी, चाकंही लाकडी. तास वाजवायला घंटा हवी, तर फुटक्या बाटलीची मान टांगली.

वजनावर चालणारं घड्याळ कळलं होतं. खिशातलं घड्याळ कसं चालतं ते कळेना, कारण त्यात लोंबतं वजन कुठे? एक दिवस घोड्यावरून जाणाऱ्या एका गृहस्थाला त्याने वेळ विचारली. त्याने इतक्या प्रेमाने सांगितली की पोराने धीर करून आतलं बघायचंय म्हटलं. गृहस्थाने घड्याळ उघडून हातात दिलं. आत एक डबी फिरत होती. ती कशाने फिरते? पोलादाच्या स्प्रिंगने. स्प्रिंग म्हणजे काय, ते जेम्सला ठाऊक नव्हतं. तो माणूस म्हणाला, देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक हाडाची पातळ पट्टी घे, एक टोक चिमटीत धर, बाकीची बोटाभोवती गुंडाळ. ती उलगडायला बघेल की नाही? बस, तसंच. जेम्स म्हणाला, कळलं.

माझ्या मते समजावून सांगणं म्हणजे काय त्याचा धडा फर्ग्युसनला त्या रस्त्यावर मिळाला. अनोळखी गोष्ट हातात धरता येईल अशा ओळखीच्या गोष्टीत आणून द्यायची. तोच धंदा त्याने पुढे तीस वर्षं केला.

तसलं घड्याळ त्याने केलंही. लाकडी चाकं, हाडाची स्प्रिंग आणि चहाच्या कपापेक्षा किंचित मोठी लाकडी पेटी. पण चाल नियमित ठेवणारं चाक चढवलं की घड्याळ थांबे, कारण ते हलवण्याइतकी जोरदार स्प्रिंग लावली तर लाकडी दात टिकेनात. ते काढलं की बाकीची चाकं भरभर फिरत. एक शेजारी ते बघायला आला. हातातून पाडलं, उचलायला गडबडीने वळला आणि नेमका त्यावरच पाय दिला. चुरा झाला. जेम्सचे वडील त्या माणसाच्या अंगावर धावून जायचेच बाकी राहिले होते.

## फाटकावरची पृथ्वी

ड्यर्नच्या सर जेम्स डनबर यांच्या वाड्याच्या फाटकावर दोन मोठे दगडी गोळे होते. फर्ग्युसनने तैलरंगाने एकावर पृथ्वीचा नकाशा काढला आणि दुसऱ्यावर आकाशाचा. पृथ्वीचा गोळा असा रंगवला की त्यावरचा उत्तर ध्रुव खऱ्या आकाशातल्या ध्रुवाकडे रोखलेला राहील. एवढ्यावर काय झालं बघा. ऊन पडलं की दगडाचा अर्धा भाग उजळायचा आणि अर्धा सावलीत राहायचा. उजळलेला भाग म्हणजे त्या क्षणी खऱ्या पृथ्वीवर जिथे दिवस आहे तेवढा भाग. उजेड-सावलीच्या सीमारेषेवर असलेल्या देशांत सूर्य उगवतोय किंवा मावळतोय. भोवती तासांच्या खुणा होत्या, म्हणजे वेळही कळायची.

हे तुम्ही अंगणात करू शकता. मुलांचा पृथ्वीगोल स्टँडवरून काढा, आपलं गाव बरोबर माथ्यावर येईल असा वाटीवर बसवा, उत्तर ध्रुवाचं टोक उत्तरेकडे करा. बाकीचं काम सूर्य करतो. दुपारी युरोपात पहाट कुठवर सरकली ते तुमच्या वाटीवर दिसेल.

डनबरांच्या बहिणीने त्याचा हात बघितला आणि भरतकामासाठी नक्षी काढून द्यायला सांगितलं. मग इतर घरच्या बायकाही बोलावू लागल्या. गरीब बापाला चार पैसे पाठवता येऊ लागले. १७३४ मध्ये तो एडिंबरोला गेला, काळ्या शाईने छोट्या तसबिरी काढायला शिकला आणि पुढची पंचवीसेक वर्षं त्याची चूल प्रामुख्याने त्यावरच पेटली. खगोलाचा हा लोकप्रिय लेखक पोटापुरता चित्रकार होता, हे विसरलं जातं.

एडिंबरोत गणिताचे नामांकित प्राध्यापक कॉलिन मॅक्लॉरिन होते. त्यांच्याकडे ग्रह फिरवून दाखवणारं यंत्र होतं, पण त्याच्या पोटात काय आहे ते त्यांनाही कधी बघायला मिळालं नव्हतं. फर्ग्युसनने आतली रचना स्वतःच्या डोक्याने जुळवून दुसरं यंत्र केलं. १७४३ मध्ये तो बायकोसह लंडनला आला.

## आता चंद्राची वाट

लंडनमध्ये त्याच्या डोक्यात आलं की चंद्राची आकाशातली खरी वाट कागदावर उतरवता येईल. त्याने एक साधं यंत्र केलं. जमिनीवर लांब कागद अंथरून त्यावर ते चालवलं की पृथ्वीची आणि चंद्राची, दोघांची वाट उमटायची. जिलबी निघाली नाही. निघाली एकच सलग वाट, आणि तिची आतली बाजू सगळीकडे सूर्याकडेच.

असं का होतं? आधी आकार. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटरवर, तर चंद्र ३ लाख ८४ हजारांवर. म्हणजे सूर्य चंद्राच्या जवळपास ३९० पट लांब. सायकलचं चाक पृथ्वीची वाट मानलं, तर चंद्र तिच्यापासून एक मिलिमीटरही आत-बाहेर जात नाही. पुस्तकातल्या चित्रांत हे प्रमाण पाळणं शक्यच नसतं, म्हणून आपल्या डोक्यात जिलबी बसते.

मग वेग. पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटर पळते आणि चंद्र तिच्याभोवती सेकंदाला फक्त एक किलोमीटर. वेटोळं पडायचं तर चंद्राला कधीतरी मागे यावं लागेल. तीसच्या वेगाने निघालेल्या गाडीत कुणी एकच्या वेगाने मागे चालला, तर रस्त्यावरून बघणाऱ्याला तो एकोणतीसच्या वेगाने पुढेच जाताना दिसेल. वेटोळ्याचा प्रश्न इथेच मिटला.

पण वळसे? वाट निदान नागमोडी तरी असेल, अमावास्येला सूर्याकडे फुगवटा आणि पौर्णिमेला बाहेर? हा खरा बुचकळ्यात टाकणारा भाग आहे. कृष्ण अष्टमी ते शुक्ल अष्टमी असा पंधरवडा घ्या, मधे अमावास्या. तेवढ्या दिवसांत पृथ्वी पावणेचार कोटी किलोमीटर जाते आणि तिची वाट धनुष्यासारखी वाकते. या धनुष्याच्या दोन टोकांना दोरी बांधली, तर मधोमध धनुष्य आणि दोरी यांत सुमारे १२ लाख किलोमीटरचं अंतर पडतं. अमावास्येला चंद्र धनुष्यापासून दोरीच्या दिशेने येतो किती? ३ लाख ८४ हजार. दोरी अजून आठ लाख किलोमीटर दूर! धनुष्य जरा चपटं होतं, इतकंच. उलट्या बाजूला वाकण्याचा प्रश्नच येत नाही.

तरी शंका असेल, तर ओढीचा हिशेब करा. वाट कुठल्या बाजूला वाकते हे एकूण ओढ कुठल्या बाजूला आहे त्यावर ठरतं. चंद्राला पृथ्वी जितकी ओढते त्याच्या सव्वादोन पट सूर्य ओढतो. सूर्य इतका दूर असूनही, कारण त्याचं वस्तुमान तेवढं अफाट आहे. पौर्णिमेला दोघं एकाच दिशेने ओढतात, म्हणून वाट जास्त वाकते. अमावास्येला पृथ्वी उलट ओढते, पण सव्वादोनातून एक गेला तरी सव्वा उरतोच, आणि तो सूर्याकडे. म्हणजे वर्षातला एकही दिवस असा नाही, की ज्या दिवशी वाट सूर्यापासून दूर वाकेल.

## मग चंद्र आपला नाही?

आहे. सूर्य दुपटीहून जास्त ओढत असताना तो चंद्राला हिसकावून का नेत नाही, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर घाटातल्या एसटीत मिळतं. गाडी वळणावर वळली की आईही वळते आणि तिच्या कडेवरचं पोरही वळतं. पोर हातातून निसटत नाही, कारण वळण दोघांना सारखंच आहे. निसटेल केव्हा, तर गाडीने एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी ओढलं तर. सूर्य चंद्राला ओढतो तसाच पृथ्वीलाही ओढतो, जवळजवळ तितकाच. फरक पडतो तो एवढासा, जास्तीत जास्त पृथ्वीच्या पकडीच्या नव्वदाव्या हिश्शाइतका. नव्वदास एक असा सामना पृथ्वी सहज जिंकते.

पृथ्वीपासून जसजसं लांब जावं तसा हा सामना अवघड होत जातो. पंधरा लाख किलोमीटरच्या पलीकडे पृथ्वीची पकड सुटते. आपला चंद्र त्या हद्दीच्या पुष्कळ आत आहे. तो नवा पीएन७ हद्दीबाहेर, नुसता शेजारच्या सीटवर बसलेला प्रवासी. पृथ्वी उद्या नाहीशी झाली, तर तो आहे तसाच सूर्याभोवती फिरत राहील. गंमत म्हणजे आपला चंद्रही जवळपास आहे त्याच वाटेने सूर्याभोवती फिरत राहील, फक्त महिन्याचा तो बारीक झोका थांबेल. मावशीला हे पटायला वेळ लागला. मलाही लागला होता.

जिलबी हवीच असेल तर गुरूकडे जा. त्याचा आयो नावाचा चंद्र गुरूभोवती सेकंदाला सतरा किलोमीटरने पळतो, आणि गुरू स्वतः तेराने. तिथे खरोखर वेटोळी पडतात.

## घड्याळजीचा पिवळा कागद

फर्ग्युसन आपलं यंत्र आणि रेखाटन घेऊन रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेचे अध्यक्ष मार्टिन फोक्स यांच्याकडे गेला. त्यांना ते नवंच वाटलं. त्याच संध्याकाळी ते त्याला सोसायटीच्या सभेला घेऊन गेले. सभा संपल्यावर एक सभासद जवळ आले. मी जॉन एलिकट, घड्याळजी आहे, शनिवारी हॅक्नीला माझ्याकडे जेवायला या.

फर्ग्युसन गेला. एलिकटनी त्याच्यापुढे तसंच रेखाटन ठेवलं आणि त्या यंत्राचा काही भागही. वीस वर्षांपूर्वी सुचलं होतं, म्हणाले. कागदाचा आणि शाईचा रंगच सांगत होता की ते खूप जुनं आहे. कुणी कुणाचं चोरलं नव्हतं. पुन्हा तीच तरफेची गोष्ट! आणि पुन्हा तोच स्वभाव. फर्ग्युसन लिहितो की तेव्हापासून एलिकट मरेपर्यंत त्याचे जवळचे मित्र राहिले.

## गणित येत नव्हतं, मग शास्त्रज्ञ कसला?

हा आक्षेप जुनाच आहे. चार्ल्स हटन या गणितज्ञाने स्पष्ट लिहून ठेवलंय की फर्ग्युसनचं गणित जवळपास नव्हतंच. युक्लिडचं एकही प्रमेय त्याला सिद्ध करता येत नसे, आणि हे तो स्वतःच सांगे. खरंखोटं करायचं तर तो कंपास आणि मोजपट्टी घेऊन मापून बघायचा.

गणितज्ञाच्या दृष्टीने हा दोष आहे, आणि तो झाकण्यात अर्थ नाही. मापून पाहिलेलं म्हणजे सिद्ध झालेलं नव्हे. पण व्याख्यानाला येणारे लोक कोण होते? कारागीर, दुकानदार, त्यांच्या बायका. प्रमेय त्यांनाही येत नव्हतं. १७४८ पासून तो लंडनमध्ये, नंतर बाथ-ब्रिस्टलपर्यंत, स्वतः केलेली यंत्रं घेऊन व्याख्यानं देत फिरला. पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा प्रचारक झालेला टॉमस पेन तरुणपणी त्याच्या व्याख्यानांना बसलेला आहे. १७५६ मध्ये न्यूटनच्या तत्त्वांवर खगोलशास्त्र समजावणारा त्याचा ग्रंथ निघाला, आणि मुखपृष्ठावरच लिहिलेलं होतं की गणित न शिकलेल्यांसाठी सोपं केलेलं. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. राजा तिसरा जॉर्ज याने दरसाल ५० पौंडांचं वेतन बांधून दिलं. १७६३ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतलं, आणि गरिबी पाहून वर्गणी माफ केली.

चुकाही होत्याच. इतर ग्रहांवर आणि दूरच्या सूर्यांभोवतीच्या जगांत विचारी जीव राहत असणार, असं तो बिनदिक्कत लिहितो. एवढे उजेड देवाने कुणासाठी लावले असतील, अशा थाटात. त्या काळातल्या बहुतेकांना तसंच वाटे, पण मण्यांनी मापल्याशिवाय तारा न मांडणाऱ्या माणसाने हे न मापताच मांडलं, हे खरं. घरचं सुखही बेताचंच होतं. नोव्हेंबर १७७६ मध्ये तो लंडनला वारला.

त्याआधी तीन वर्षं, १७७३ मध्ये, बाथमधल्या एका जर्मन वादकाने फर्ग्युसनचा ग्रंथ विकत घेतला. दिवसभर शिकवण्या करून हा गृहस्थ रात्री दुधाचा वाडगा नाहीतर पाण्याचा पेला घेऊन अंथरुणात शिरायचा आणि आवडत्या पुस्तकांच्या ढिगाखालीच झोपी जायचा. त्या ढिगात फर्ग्युसन असे, असं त्याच्या बहिणीने, कॅरोलाइनने, लिहून ठेवलंय. वादकाचं नाव विल्यम हर्शेल. पुढे त्याने स्वतःच्या हाताने आरसे घासून दुर्बिणी केल्या, आणि १३ मार्च १७८१ च्या रात्री त्यातल्याच एकीतून त्याला युरेनस दिसला. त्याने वाचलेल्या फर्ग्युसनच्या ग्रंथात ग्रहांची यादी शनीपाशी संपत होती.